पाखरांचा वाटा



पूर्वी खळ्यावर रास पडली की घरधनी वाटे काढी. बलुतेदारांचा वाटा निघे, देवाचा निघे, दारी येणाऱ्यासाठी सूप भरून ठेवले जाई. पाखरांचा वाटा मात्र कोणी मोजून काढत नसे. तो त्यांना आपोआप मिळे. खळ्याच्या कडेला सांडलेला दाणा, धुऱ्यावरची बोर, गोठ्याच्या आढ्यातली सांद, विहिरीच्या थारोळ्यातले पाणी. कोणी मुद्दाम दिलेले नसे, पण कोणी अडवतही नसे.

आता मळणी यंत्रावर होते आणि पोती भरून गाडी थेट बाजारात जाते. धुरा दरवर्षी हातभर आत कोरला जातो. मातीच्या धाब्याच्या जागी स्लॅब आला, त्याला सांद नाही. पाणी नळीतून थेंबाथेंबाने मुळाशी जाते. यातले काहीही पाखरांच्या वाइटासाठी आपण केले नाही. संसार सुधारावा म्हणूनच केले आणि ते योग्यही होते. पण यात पाखरांचा वाटा बुडाला. तो थोडा फार परत कसा देता येईल, तेही पदरचे पैसे न मोडता, एवढेच या खेपेला सांगायचे आहे.

आमचे धाड बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, विदर्भ-मराठवाड्याच्या शिवेजवळचे गाव. कापूस, सोयाबीन, मका, तूर, मिरची आणि रब्बीला हरभरा-गहू, अशी इथली शेती. पक्षी वाचवा म्हटले की आपण ज्ञानगंगा अभयारण्याकडे नाही तर लोणारकडे बोट दाखवतो. तिथे वनखाते आहे, ते पाहील म्हणतो. पण चिमणी, साळुंकी, कोतवाल, टिटवी, होला, पिंगळा यांचा खरा संसार आपल्या वावरात आणि आपल्या अंगणात. तिथे वनरक्षक येत नाही. तिथले राखणदार आपणच.

कोणी म्हणेल, पाखरे दाणे खातात, त्यांना कशाला राखायचे? दाणे खातात हे खरे. चीनमध्ये १९५८ साली सरकारने हाच हिशेब केला. चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांना शत्रू ठरवले. गावोगाव लोकांनी डबे आणि थाळ्या वाजवून चिमण्यांना खाली बसू दिले नाही, घरटी मोडली, अंडी फोडली. चिमण्या गेल्या आणि त्या ज्या किडी खात होत्या त्या माजल्या. त्यातच इतर चुकीची धोरणे आणि दुष्काळ यांची भर पडून तिथे भयंकर उपासमार झाली. १९६० साली सरकारने शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तिथे ढेकणाचे घातले. पण तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिलांना अळ्या आणि किडे भरवते, हे त्या हिशेबात कोणी धरले नव्हते. सुगरणीचेही तसेच. कोतवाल, वेडा राघू, नीलकंठ आणि गायबगळा यांचे तर पोटच किड्यांवर चालते. वखरामागे चालणारे बगळे काय टिपतात ते कधी उभे राहून पाहा.

हरभऱ्याच्या वावरात

सध्या हरभऱ्याचे दिवस आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करू. हरभऱ्याचा मोठा वैरी घाटेअळी. तीच कपाशीची बोंडे पोखरते आणि तुरीच्या शेंगाही. तिच्यासाठी कृषी विद्यापीठे आणि कृषी खाते फार वर्षांपासून पक्षीथांबे लावायला सांगतात. एकरी वीसच्या आसपास थांबे पुरतात. थांबा म्हणजे काही मोठी वस्तू नव्हे. तुराटीची नाही तर बांबूची एक काठी रोवायची आणि वर आडवी काडी बांधायची. पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट उंच असावा. कोतवाल आणि साळुंकी त्यावर बसून खालची अळी नेमकी हेरतात. रात्री त्याच काठीवर पिंगळा नाही तर गव्हाणी घुबड बसते आणि उंदरावर झडप घालते. एका काठीवर दोन पाळ्यांचे गडी, आणि मजुरी कोणालाच द्यावी लागत नाही.

ज्यांची पेरणी अजून व्हायची आहे त्यांनी बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळावी. हरभऱ्यात इथे-तिथे उभी राहिलेली ज्वारीची ताटे म्हणजे आपोआप उगवलेले थांबेच. मात्र दाणा पक्व होऊ लागला की काठ्या काढून ठेवाव्यात. दाणे भरलेल्या ज्वारीत त्या मुळीच लावू नयेत. तिथे पाहुणे अळीसाठी येणार नाहीत.

आणि जिथे पाखरे खरोखर नुकसान करतात तिथे काय करावे? कणसावर पोपटांचे थवे उतरतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. राखण करावीच. पण राखण आणि वैर यांत फरक आहे. पाखरांचा जोर सकाळी उजाडताना आणि दिवस मावळताना असतो. तेवढ्या वेळेला आणि दाणे भरण्याच्या शेवटच्या पंधरवड्यात माणूस उभा राहिला की बरेच काम होते. चमकणाऱ्या फिती तेवढ्या दिवसांपुरत्याच लावाव्यात, महिनाभर आधी लावल्या तर पाखरे त्यांना सरावतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकाच सुमारास पेरले तर थवा सगळ्यांत वाटला जातो, एकट्याच्या वावरावर पडत नाही. जाळे लावले असेल तर सकाळ-संध्याकाळ फेरी मारून अडकलेले पाखरू सोडवावे. जाळे लावून आठ दिवस गावाला जाऊ नये.

संक्रांतीचा मांजा

संक्रांत आली की पोरे पतंगाला लागतात. पतंग उडवावा, त्याला कोणाची ना नाही. पण नायलॉनच्या मांजावर बंदी आहे आणि ती रास्त आहे. साधा सुती दोरा पावसापाण्याने कुजतो. नायलॉन वर्षानुवर्षे बाभळीच्या फांदीला लोंबत राहतो. त्यात बगळ्याचा पाय अडकतो, घारीचा पंख कापला जातो आणि दुचाकीवर जाणाऱ्या माणसाचा गळाही चिरतो. आईबापांनी तो विकत घेऊन देऊ नये. संक्रांत झाली की पोरांनाच पिशवी देऊन गावातला तुटका दोरा गोळा करायला लावावे. वावरातला प्लास्टिकचा सुतळा आणि जाळीचे तुकडे यांचेही तेच करावे. पाखरे घरट्यासाठी ते उचलतात आणि पिलाच्या पायाला फास बसतो.

उन्हाळ्याचे पाणी आणि धुरा

उन्हाळ्यात पाण्याचे भांडे ठेवा, हे सगळेच सांगतात. ते कसे ठेवावे हे थोडे सांगतो. भांडे पसरट हवे, मातीचे परळ उत्तम. पाणी दोन बोटांपेक्षा खोल नको. मध्ये एक दगड ठेवावा, म्हणजे लहान पाखराला उभे राहता येते. सावलीत ठेवावे, पण मांजर दबा धरून बसेल अशा झुडपाला लागून नको. पाणी रोज ओतून नवे भरावे आणि परळ राखेने घासून काढावे. शिळ्या पाण्यात डास होतात आणि पाखरांत रोगही पसरतो. हे काम घरातल्या एका मुलाकडे सोपवून द्यावे. चार दिवस ठेवले आणि पाचव्या दिवशी विसरले, असे होऊ नये. पाखरे त्या पाण्याच्या भरवशावर येऊ लागलेली असतात.

पाणी जीव वाचवते तसे घेतेही. उघडा ड्रम, सिमेंटचे टाके आणि प्लास्टिक अंथरलेले शेततळे, यांच्या कडा निसरड्या असतात. तहानेने आत गेलेले पाखरू बाहेर येऊ शकत नाही. ड्रमवर झाकण ठेवावे, नाही तर आत लाकडाची फळी तरंगत सोडावी. शेततळ्यात दोन-तीन ठिकाणी गाठी मारलेला जाड दोर किंवा गोणपाट काठाला घट्ट बांधून पाण्यापर्यंत सोडावे. पाखरू, मुंगूस, खार यांना धरून वर येता येते. आणि एखादे लेकरू पाय घसरून पडले तर त्यालाही आधार होतो. हे काम मात्र उद्यावर टाकू नका.

उन्हाळ्यात वावर साफ करताना धुरा पेटवून देण्याची सवय आहे. काडी ओढली की तासाभरात काम होते, हे खरे. पण त्याच गवतात तितर आणि लावा यांची घरटी असतात, तिथेच सरडा आणि मुंगूस असतात आणि धुऱ्याची बाभूळ-बोरही होरपळते. धुरा विळ्याने कापून घ्यावा आणि गवत गोठ्यात न्यावे. बांधावर एखादे बोरीचे, हिवराचे, निंबाचे झाड राहू द्यावे. वठलेले झाड धोक्याचे नसेल तर एखादे तसेच उभे ठेवावे. पोपट, साळुंकी आणि पिंगळा ढोलीतच अंडी घालतात. ढोली जुन्या झाडाला असते, रोपाला नसते.

टिटवी उघड्या वावरात मातीच्या ढेकळांसारखीच दिसणारी अंडी घालते, बहुधा चार. वखर चालू असताना ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल तर ते आपल्यालाच उद्देशून आहे, असे समजा. जरा थांबा, अंडी शोधा, तिथे एक काठी रोवा आणि वखर चार हात बाजूने काढा. सुमारे चार आठवड्यांत पिले निघतात आणि निघाल्यावर लगेच चालू लागतात. तिने उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, असे जुनी माणसे सांगत. ज्या पाखरावरून आपण पावसाचा अंदाज बांधत आलो, त्याला चार हात जागा जड नाही.

सगळ्याच माळावर झाडे लावली म्हणजे पक्षी वाढतात, असेही नाही. चंडोल, तितर आणि तणमोर यांना मोकळे गवतच लागते. तणमोर तर पावसाळ्यात गवतातच जमिनीवर अंडी घालतो. २०२१ साली जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत त्याची नोंद झाली. आपल्या शेजारच्या अकोला-वाशीम भागात 'संवेदना' संस्थेचे कौस्तुभ पांढरीपांडे यांनी फासेपारधी समाजाला बरोबर घेऊन या पक्ष्यासाठी गवताळ माळ राखण्याचे काम केले. फासे लावून पोट भरणाऱ्या समाजाकडे पाखराच्या सवयीचे जे ज्ञान होते, तेच पाखरू राखायला उपयोगी पडले. गावच्या गायरानाचा एक तुकडा पावसाळ्यात चराईला बंद ठेवला तर गुरांना नंतर गवत मिळते आणि पाखराला घरटे.

विष जपून

आता जरा कठीण गोष्ट. पाखरांचे सर्वांत जास्त नुकसान गलोलीने होत नाही, डब्यातल्या औषधाने होते. फवारणी बंद करा, असे मी म्हणणार नाही, तुमचे पीक तुम्हाला माहीत. पण कीड मोजून, गरज असेल तेव्हाच आणि सांगितलेल्याच मात्रेत फवारा. शेजाऱ्याने मारले म्हणून आपण मारायचे, असे नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. मोठ्या माणसाला आडवे करणारे विष मूठभर पाखराचे काय करील, ते सांगायला नको.

चार गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मका आणि कपाशीचे पिशवीतले रंगीत बियाणे औषध लावलेले असते. ते धुऱ्यावर सांडू देऊ नये. सांडलेच तर मातीत पुरावे, कारण मोर, होले आणि तितर ते टिपतात. पंप आणि डबे नाल्यात धुऊ नयेत. उंदराला विष घातले असेल तर रोज सकाळी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा घारीने खाल्ला तर उंदीर मारणारा आपला गडीच जातो. आणि पीक खातात म्हणून मोरासाठी किंवा इतर जनावरांसाठी विषाचे दाणे टाकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

गोठ्यातले औषध आणि गिधाड

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवेल. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की आभाळातून गिधाडे उतरत आणि थोड्या वेळात हाडेच राहत. मग ती दिसेनाशी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्व्याण्णवहून अधिक नाहीशी झाली. कारण निघाले गोठ्यातले. जनावराच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन. जनावर मेले तर ते औषध मांसात राहते, मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते आणि ते मरते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, म्हणून तूट लवकर भरून येत नाही.

सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसांच्या औषधाची मोठी बाटली गोठ्यात वापरली जाते म्हणून २०१५ साली मोठ्या बाटल्याही बंद केल्या. २०२३ साली ॲसेक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांवर जनावरांसाठी बंदी आली. शेतकऱ्याने एवढेच करायचे: इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टरांना औषधाचे नाव विचारायचे आणि मेलॉक्सिकॅम द्या म्हणायचे. ते गिधाडांना सुरक्षित आहे आणि जनावराच्या दुखण्यावर चालते. उपचार चालू असताना जनावर दगावले आणि कोणते औषध दिले याची खात्री नसेल तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे. भटक्या कुत्र्यांसाठी किंवा बिबट्यासाठी मढ्यावर विष टाकणे तर कधीच नको.

गिधाडे गेल्यावर मढी कुजू लागली आणि त्यांवर भटकी कुत्री वाढली. कुत्रा चावला की आता लस शोधत तालुक्याला धावावे लागते. पाखरांचा वाटा बुडाला की तो आपल्या घरातूनच वसूल होतो, तो असा.

पिल्लू सापडले तर

घरट्यातून पडलेले पिल्लू मुले घरी उचलून आणतात. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, असा समज आहे. तो खरा नाही. उघडे, पंख न फुटलेले पिल्लू असेल तर घरटे शोधून परत ठेवावे. पंख फुटलेले, टुणटुण उड्या मारणारे असेल तर त्याला उचलूच नये. ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच असतात. फक्त कुत्र्या-मांजराला दूर ठेवावे. दूध-पाव भरवू नये, चोचीत पाणी ओतू नये. पाखरू जखमी असेल तर भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवावे आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

आठवडी बाजारात पोपट, तितर, लावे कोणी विकायला आणले तर दया येऊन विकतही घेऊ नयेत. एक सोडवला तर विकणारा उद्या दोन धरून आणतो. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हाही गुन्हाच आहे. घुबड आणि पिंगळा अपशकुनी म्हणून दगड मारू नये. धान्याच्या कोठीजवळ राहणारे घुबड शकुनाचेच समजा.

स्लॅबच्या घरात चिमणीला जागा द्यायची असेल तर जुन्या फळ्यांची पेटी करावी. तोंड सव्वा ते दीड इंचाचे, त्याहून मोठे असले तर साळुंकी शिरते. आठ-दहा फुटांवर, दुपारचे ऊन लागणार नाही अशा भिंतीला टांगावी. पहिल्या वर्षी चिमणी आली नाही म्हणून काढून टाकू नये.

पक्षी सप्ताह

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अली यांचा. चितमपल्लींनी वनखात्यातली बरीच वर्षे विदर्भाच्या रानात घालवली आणि रानातल्या माणसांकडून पाखरांची नावे टिपून मराठीत आणली. २०२५ साली ते आपल्यातून गेले. सालिम अलींची गोष्ट तर प्रत्येक गलोलवाल्या पोराला सांगावी. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती, असे त्यांनी मामांना विचारले. मामांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे कपाटे भरून पाखरे पाहिली आणि त्या पोराचा जन्म पाखरांमागे गेला. मामा रागावून मोकळे झाले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पोराने प्रश्न विचारला की त्याला हुसकावू नये, एवढे आपणही त्यातून घ्यावे.

या सप्ताहात एक काम करा. संध्याकाळी आजोबांना ओट्यावर बसवा, पोरांच्या हाती वही द्या आणि आपल्या शिवारात पूर्वी दिसणारी पाखरे कोणती, आज दिसणारी कोणती, अशा दोन याद्या करा. नावे आपल्या बोलीतलीच लिहा. पहिल्या यादीतले जे नाव दुसरीत नाही, ते का गेले असेल, याची घरात चर्चा होऊ द्या. कोणाचे झाड गेले, कोणाचा धुरा गेला, कोणाला विष लागले, ते तुमचे तुम्हालाच उमगेल. दोन्ही याद्या या सदराच्या पत्त्यावर पाठवा. गावाचे नाव लिहायला विसरू नका.